चिकटवहिनी

दादाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीची माहिती सांगताना आई म्हणाली, "छापखान्यात नोकरी आहे. चुका शोधते." मी तेव्हा नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागले होते. चुका शोधणं हा माझाही धंदा. मला वाटलं, चला, घरात आपल्या पंथाचं माणूस येतंय.

वहिनी आली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की हिला चुका सापडतात, पण सापडल्या की त्या आवडतात.

छापखान्यात एक गंमत असते. छपाई सुरू करण्याआधी शाई सारखी लागतेय का हे बघायला कारागीर तेच ते वाया गेलेले ताव पुन्हा पुन्हा यंत्रातून काढतात. त्यामुळे एकाच कागदावर आधी टूथपेस्टची जाहिरात, तिच्या अंगावर बसचं वेळापत्रक, त्यावर कुठल्याशा साबणाचं वेष्टण, आणि सगळ्यांच्या बोकांडी एक भलामोठा निळा चौकोन. कारागिरांच्या लेखी तो कचरा. वहिनी प्रुफं तपासायची ती पोटासाठी. जीव अडकला होता तो या ढिगाऱ्यात. रोज संध्याकाळी काखेत तावांची गुंडाळी घेऊन घरी यायची.

"लोकांच्या सुना पेटी घेऊन येतात," आई म्हणाली, "आमच्या सुनेने रद्दी आणली."

ते ताव ती फाडायची आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची. एकावर एक, तिरपे, उलटे, अर्धे. त्यासाठी मैद्याची खळ लागायची, आणि खळ शिजायची आईच्या पातेल्यात. एकदा आईने ती सूप समजून चमचाभर चाखली आणि म्हणाली, "दाट झालंय. आणि मीठ विसरलीस." वहिनीने शांतपणे पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "पुठ्ठ्याला चालतं, आई, अळणी." तेव्हापासून घरात वहिनीचं वेगळं पातेलं झालं आणि सासू-सुनेची दोस्तीही झाली.

नाव मी ठेवलं. कात्रणं चिकटवायची ती चिकटवही, आणि ती चिकटवणारी आमची चिकटवहिनी. तिला ते इतकं आवडलं की आजही ती चित्राच्या कोपऱ्यात 'चि. व.' असं लिहिते. एका प्रदर्शनात एक गृहस्थ बराच वेळ त्या अक्षरांकडे बघून मला म्हणाले, "चिरंजीव कोण हे? फार होतकरू दिसतायत." मी म्हटलं, "होतकरू आहेत खऱ्या, पण वय पंचेचाळीस आहे."

कारण मधे बरंच पाणी वाहून गेलं होतं. तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घालून चित्रकला शिकून घेतली, तीही अमूर्त. म्हणजे ज्यात झाड, घर, माणूस असं ओळखू येणारं काही नसतं. असतो तो रंग, आकार आणि त्यांची आपापसातली भांडणं. वर्गात बाकीची पोरं विशीतली. ही त्यांच्यात टिफिन घेऊन बसायची आणि सगळ्यांना अर्धा वाटायची. शिकून झाल्यावर छापखाना सोडला. सोडताना कारागिरांनी तिला भेट म्हणून काय दिलं असेल? पोतंभर वाया गेलेले ताव. ती आनंदाने रडली. आम्ही ते पोतं ठेवायला जागा नाही म्हणून रडलो.

दादाचं चष्म्याचं दुकान. माणूस सरळ, मऊ. वहिनीने चित्र दाखवलं की तो म्हणायचा, "छान आहे." लाल दाखवलं, छान. काळं दाखवलं, छान. एकदा तिने त्याला मुद्दाम कोरा पुठ्ठा दाखवला. दादा म्हणाला, "हे तर फारच छान आहे." त्या दिवशी आमच्या घरात 'छान' या शब्दावर बंदी आली. दादाची पंचाईत झाली. आठवडाभर तो जेवणाबद्दलही काही बोलेना.

मग तिने शिकवणी काढली. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली मिळाली. खाली हवा भरायचं यंत्र धडधडायचं आणि अधूनमधून एखादी ट्यूब फटकन फुटायची. नवीन विद्यार्थी दचकायचे, त्यांचा कुंचला भलतीकडे जायचा. वहिनी म्हणायची, "राहू दे. टायरवाल्यांनी मदत केलीय."

मुलं येतील असं आम्हाला वाटलं होतं. आली ती मोठी माणसं. एक दातांचे डॉक्टर, जे दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करून कंटाळलेले. एक मोटार शिकवणारे मास्तर. त्यांना कागद फाडायला सांगितला तर ते पट्टी लावून फाडायचे, आणि फाडण्याआधी डावी-उजवीकडे बघायचे. आणि दोघी जावा. या दोघींचं घर एक, स्वयंपाकघर एक, पण कुठल्याशा कपाटावरून अबोला धरला होता. दोघींनी एकमेकींना न सांगता गुपचूप नाव घातलं. पहिल्या दिवशी दारात गाठ पडली तेव्हा दोघींचे चेहरे असे झाले की वहिनी मला नंतर म्हणाली, "मला ते चेहरे फाडून चिकटवावेसे वाटले."

थोरली खिडकीशी बसायला लागली, धाकटी दाराशी. रंगाची बाटली हवी असली तरी मधल्या माणसामार्फत मागायच्या. मधलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा दातांचे डॉक्टर. "डॉक्टर, त्यांना विचारा पिवळा संपला का." "संपला नाही म्हणावं, पण उरलाय तो मला लागेल." डॉक्टरांना वाटायचं, यापेक्षा दाढ काढणं सोपं.

वहिनीच्या वर्गात "हे काय आहे?" असं विचारायची मुभा नव्हती. विचारायचं असलं तर "हे काय करतंय?" असं विचारायचं. हा तांबडा पट्टा काय करतोय? तो त्या राखाडीला ढकलतोय. राखाडी का ऐकून घेतोय? मास्तर एकदा गंभीरपणे म्हणाले, "बाई, राखाडीची चूक आहे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायला हवं होतं." वहिनी इतकी हसली की खालून टायरवाले बघायला आले. पण हसून झाल्यावर तिने मास्तरांना त्याच वाक्यावर चित्र करायला लावलं, आणि ते त्यांचं पहिलं बरं चित्र. कागद त्यांनी पट्टीशिवाय फाडला होता.

एका आठवड्यात तिने सांगितलं की प्रत्येकाने आपलं सगळ्यात लाडकं चित्र आणायचं. सगळे नटूनथटून घेऊन आले. मग म्हणाली, "आता मधोमध फाडा आणि अर्धं शेजारच्याला द्या." डॉक्टरांनी आपलं चित्र छातीशी धरलं आणि म्हणाले, "बाई, भूल तरी द्या." शेवटी फाडलं त्यांनी, डोळे मिटून. आणि दुसऱ्याचा अर्धा तुकडा आपल्याला जोडताना असे रंगून गेले की घरी जायचं विसरले; त्यांच्या बायकोला येऊन न्यावं लागलं.

आता भिंतीकडे येते, कारण वहिनीची गोष्ट सांगायची आणि भिंत सांगायची नाही असं होणार नाही.

दादाने तिचं एक मोठं कोलाज दुकानात लावलं होतं. त्याने धंद्याचं नुकसानच व्हायचं. गिऱ्हाईक नवा चष्मा घालून समोर बघायचं आणि म्हणायचं, "अजून धुरकटच दिसतंय हो." दादा समजावायचा, "ते तसंच आहे. तुम्ही बाजूचं कॅलेंडर वाचा." एक बाई अशाच चष्मा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. दादाला वाटलं, नंबर चुकला. त्या म्हणाल्या, "नंबर ठीक आहे. मला हे परत बघायचंय." त्या निघाल्या ग्रंथपाल. गावात नवं वाचनालय उभं राहत होतं, आणि त्याच्या मंगल कार्यालयाएवढ्या प्रवेशदालनात एक अख्खी भिंत मोकळी होती.

वहिनीला ती भिंत दाखवायला नेलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली आणि खाली फरशीवर बसली. मी म्हटलं, "घाबरलीस का?" ती म्हणाली, "अगं नाही. पायात गुदगुल्या होतायत."

सगळा वर्ग कामाला लागला. वाचनालयातून बाद झालेली पुस्तकं मिळाली. त्यांची कव्हरं, पिवळी पानं, नकाशे. जोडीला छापखान्याचं ते पोतं. वर्गात मोठमोठे ताव रंगवले, वाळवले, फाडले. भिंतीवर आधी प्लायवूडच्या फळ्या ठोकून घेतल्या आणि त्यावर खळीने एकेक ताव चढत गेला. वहिनी शिडीवर, खालून आम्ही. ती ओरडायची, "तो हिरवा जरा झोपव", "त्या नकाशाला श्वास घेऊ द्या". आणि आम्हाला ते समजायचं, हे विशेष. फक्त मधला भाग तिच्या मनासारखा होईना. गडद निळ्या तावांचा एक मोठा पुंजका होता, ती म्हणायची, "बसलाय नुसता. सभेत एखादा मंत्री बसावा तसा." पण उद्घाटन जवळ आलं होतं. राहू दिला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी वहिनी, मी आणि दादा लवकर पोचलो. ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

आत गेलो. भिंत सुटली होती.

नवं बांधकाम, आतून ओल. त्यात धूळ नको म्हणून सगळ्या खिडक्या रात्रभर घट्ट बंद. खळ वाळलीच नव्हती. कडेचे ताव दुमडले होते, वरचे कान पाडून बसले होते, आणि मधला तो निळा मंत्री तर जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखा पुढे आला होता. दादा सवयीने "छा—" म्हणाला आणि थांबला.

वहिनी त्या पोटाजवळ गेली, बोटाने हळूच टिचकी मारली, आणि तिला हसू फुटलं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण हसता हसताच तिने हुकूम सोडले. "खिडक्या उघडा. पंखे लावा. सगळ्यांना बोलवा, हातातलं काम टाकून या म्हणावं. आणि मैदा."

पहारेकऱ्याच्या खोलीतल्या शेगडीवर खळ शिजली, या वेळी चांगली दाट. वर्ग धावत आला. डॉक्टर तर अंगातल्या पांढऱ्या कोटासकट आले. म्हणाले, पेशंटला चूळ भरायला सांगून आलोय. सुटलेल्या प्रत्येक तावामागे ब्रशने खळ भरली, हाताने दाबली. पण हात काढला की ताव परत पुढे. टेबलावरचं चित्र असतं तर वर पुस्तकं ठेवली असती. वाचनालयात पुस्तकांना काय तोटा. उभ्या भिंतीवर वजन ठेवायचं कसं?

वहिनी क्षणभर थांबली. मग वळली, पाठ भिंतीला लावली आणि टेकून उभी राहिली.

"या," ती म्हणाली, "लावा पाठी."

पाठी चिकटू नयेत म्हणून बटर पेपर होता तेवढा मधे घातला, पुढे तो संपला. एकेक जण येऊन टेकला. मास्तर, डॉक्टर, त्यांची बायको, टायरवाले दोघे, ग्रंथपालबाई, पहारेकरी. दादाला शिडीवर चढवलं आणि दोन्ही हातांत फडकं गुंडाळलेले फरशी पुसायचे दांडे दिले, वरचे ताव दाबून धरायला. जिथे ताव सुटलेला दिसेल तिथे लोक सरकत गेले, आणि मी सापडले बरोबर दोघी जावांच्या मधे.

आणि आता हलायचं नव्हतं. खळ पकडेपर्यंत नुसतं उभं राहायचं.

थोड्या वेळाने मास्तरांचं नाक खाजायला लागलं. हात त्यांनी पसरून दोन तावांवर दाबून ठेवले होते. "कुणीतरी माझं नाक बघा," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान लांब केली, पोचली नाही. मग डॉक्टरांच्या बायकोने डोक्यातली पेन्सिल काढून, तिच्या मागच्या टोकाने, लांबूनच, फार काळजीपूर्वक मास्तरांचं नाक खाजवलं. "जरा उजवीकडे," मास्तर म्हणाले. "इंडिकेटर द्या आधी," टायरवाला म्हणाला. तिथे पहिलं हसू फुटलं. हसलं की पाठ हलते, पाठ हलली की ताव हलतो. वहिनी ओरडली, "हसू नका, खळ हलतेय." त्यावर तर अख्खी भिंतच गदगदायला लागली. वरून दादा म्हणाला, "माझा दांडा घसरतोय," आणि ते ऐकून ग्रंथपालबाई, ज्यांना मी तोवर कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्याच गडबडीत माझ्या डाव्या बाजूने आवाज आला, "धाकटे, तुझ्या कानामागे खळ लागलीय."

उजवीकडून उत्तर आलं, "पुसा ना मग."

मी पोट आत ओढून घेतलं. माझ्यासमोरून एक हात गेला, रुमालाने पुसून परत आला. "कपाट तूच घे," थोरली म्हणाली. "मला नको ते कपाट," धाकटी म्हणाली, "त्याचं दार लागत नाही." दोघीही हसायला लागल्या आणि मी मधे बसचे धक्के खाल्ल्यासारखी हलत राहिले.

अशात पाहुण्या आल्या.

प्रमुख पाहुण्या म्हणजे निवृत्त न्यायाधीश. वय झालेलं, पाठ ताठ, अंगात करडा कोट, सगळा गाव त्यांना वचकून. दारातून आत आल्या तर समोर दीडशे खुर्च्या रिकाम्या आणि सगळी मंडळी ओळख परेडला उभी केल्यासारखी भिंतीला. त्यांच्यामागून येणारे लोकही दारात थबकले.

"ही कसली रांग?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, पुढे येऊन स्वागत केलं असतं, पण मी सोडला तर हा नकाशा पडेल."

वहिनीने खरं ते सांगून टाकलं. ओल, खळ, पाठी. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग भिंतीकडे नीट पाहिलं. मधे, निळ्या पुंजक्यासमोर, एकच जागा मोकळी होती.

"इथे कुणी का नाही?"

"माणसं संपली," वहिनी म्हणाली.

बाईंनी पर्स एका खुर्चीवर ठेवली, कोट खाली ओढून सरळ केला आणि जाऊन टेकल्या. "जोर किती द्यायचा?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागची मंडळी काय बघत उभी राहणार; तीही आली, उरलेल्या फटींमधे घुसली.

उद्घाटनाचं भाषण तिथूनच झालं. बोलणाऱ्या भिंतीला टेकलेल्या, ऐकणारे भिंतीला टेकलेले, आणि समोर दीडशे रिकाम्या खुर्च्या लक्ष देऊन ऐकतायत. बाई म्हणाल्या की आयुष्यभर त्या उंच खुर्चीवर बसल्या आणि लोक समोर उभे राहिले. शेजारी उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ, आणि शेजारच्या माणसाचं पोट हसताना कसं हलतं हे त्यांना आजच कळलं. शेजारी टायरवाला होता. तो लाजला. टाळ्या कुणालाच वाजवता येईनात, म्हणून सगळ्यांनी पाय आपटले.

खळ धरली. वहिनीने एकेकाला सोडवलं. बटर पेपरवरचे अलगद सुटले, पण जे तसेच टेकले होते त्यांच्या पाठी सुटताना चर्रर्र असा आवाज व्हायचा. न्यायाधीशबाई शेवटी निघाल्या. त्यांच्या करड्या कोटावर पाठभर निळा रंग उतरला होता, आणि भिंतीवर, त्या गडद पुंजक्यात, दोन खांद्यांचा फिकट, पहाटेच्या उजेडासारखा आकार उमटला होता. इकडेतिकडे आणखीही होते, कुठे एक खांदा, कुठे पाठीचा कणा. ओलीने आणि ताज्या खळीने तावांचा वाळलेला रंग पुन्हा सुटला होता; तो माणसांबरोबर निघून गेला होता.

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "आता हे दुरुस्त करायचं का?"

वहिनी मागे मागे जात पार दारापर्यंत गेली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने हातातला ब्रश पाण्यात टाकला.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली. आणि मग, शहाणीसुरती बाई, तिने दीडशे खुर्च्यांच्या मधल्या वाटेवरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

भिंत तशीच आहे. न्यायाधीशबाईंनी कोट धुतला नाही. पुढच्या आठवड्यात तोच घालून टायरच्या दुकानाचा जिना चढून आल्या आणि वर्गात नाव घातलं. फाडतात फार सुंदर. मास्तर म्हणतात, आयुष्यभर राखलेलं सगळं बाहेर पडतंय. दोघी जावा आता एकाच टेबलावर बसतात आणि मोठ्याने भांडतात. कपाट मात्र दोघींनीही घेतलं नाही. दार तोडून त्याचे तुकडे कोलाजमधे गेले.

हल्ली वहिनीकडे एक नवीन काम आलंय. लहान मुलांच्या रुग्णालयात छतावर चित्र करायचंय, कारण ती मुलं बिछान्यावर पडून वरच बघत असतात. वरचं चित्र झोपून कसं दिसतं याचा तिला अंदाज घ्यायचा होता, म्हणून परवा तिने बैठकीतलं सगळं सामान बाहेर काढलं, छताला दोऱ्याने रंगीत कागद टांगले आणि आम्हाला फरशीवर आडवं केलं. दादा पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. मी पडून राहिले. पंख्याचा वारा लागला की एक केशरी तुकडा आपल्या दोऱ्याभोवती फिरायचा, थांबायचा, आणि उलटा फिरायला लागायचा. शेजारी पडल्या पडल्या वहिनी छताकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि मधेच स्वतःच्याच बोलण्याला खुदकन हसत होती.